साहेबांचं वजन

"खुर्चीची जाळी पुन्हा बसली?" फोनवर विचारताना वेतवाल्याचा आवाजच पडला.

"काय करू, भाऊ. हे दिवसभर घरात, आणि बसतात ते धपकन," निवृत्त शिक्षिकाबाई म्हणाल्या. "फाटकाशी ठेवलीय. जुनी जाळी मी कापून जाळून टाकली हं, उगाच तुम्हाला संसर्ग नको."

साथ आल्यापासून धंदा पार झोपला होता. हॉटेलं बंद, कचेऱ्या बंद. खुर्च्यांवर बसायलाच कोणी नाही, तर वेत विणून घेणार कोण? बाईंच्या घरून मात्र दर आठवड्याला एक खुर्ची यायची, चौकट वेत ओवायच्या भोकांपर्यंत साफ केलेली. तो ती फाटकावरून उचलायचा आणि विणून तिथेच ठेवायचा. पैसे पिशवीत टांगलेले असायचे.

"बाईंचे साहेब आहेत की हत्ती?" त्याची बायको म्हणाली.

"हत्ती बसला तरी माझी जाळी हलायची नाही," असं तो पहिल्या वेळी म्हणाला होता. आता त्याने नुसता वेत पाण्यात भिजत घातला.

"बसू दे की त्यांना. त्यांची खुर्ची मोडते म्हणून आपली चूल पेटते. देव त्यांना आणखी जाड करो."

पण त्याच्या जिवाला ते लागलं होतं. बापाने शिकवलेलं काम. त्याने विणलेल्या जाळ्या पोरांच्या लग्नापर्यंत टिकतात, असं गिऱ्हाईक सांगायचं. त्याने वेत जास्त भिजवून पाहिला, जाड घेतला, दुहेरी ओढला. बोटं सोलून निघाली. तरी आठवडा उलटला की फोन हजर. आपला हात गेला, असं त्याच्या मनाने घेतलं. असलं कच्चं काम करून कोणत्या तोंडाने पैसे घ्यायचे?

एका सकाळी त्याने टोचे, सुऱ्या, बापाचा लाकडी हातोडा, सगळं भंगारात घातलं. एका गोदामावर राखणदाराची नोकरी धरली. मग विणून झालेली खुर्ची उचलली आणि पहिल्यांदाच बाईंच्या दारापर्यंत गेला.

बाईंनी दार अर्धवट उघडलं.

"बाई, ही शेवटची. हात गेला माझा. हत्यारं विकली."

"विकली?" बाईंनी दाराची चौकट धरली. "असं कसं केलंत, भाऊ? उद्या दुसरी ठेवणार होते मी."

"नको. तुम्हाला फसवल्यासारखं वाटतं. साहेबांची माफी मागतो आणि जातो. आहेत ना आत?"

बाईंनी दार पूर्ण उघडलं.

"ते साथ आली त्याच महिन्यात गेले, भाऊ."

त्याला काही उमजेना. बाई बाजूला झाल्या. आत जेवणाच्या टेबलावर त्याच्या जाळ्या एकावर एक रचून ठेवल्या होत्या. एकीचीही वीण सुटलेली नव्हती. कडा तेवढ्या सुरीने कापलेल्या होत्या.