शुक्रवारचा समुद्र

हवा भरलेली ट्यूब. केळीच्या पानात बांधलेला भात. दारात आडवी बसलेली आई.

"लुझ, आज गुड फ्रायडे. देव मेलेला असतो आज. अंगाला पाणीसुद्धा लावत नाहीत, आणि तू पोरीला समुद्रात नेतेस?"

"देव परवा उठेल, आई. माझं विमान उद्या आहे."

लुझनं मायुमीला कडेवर घेतलं आणि आईला ओलांडून ती निघाली. शेजारच्या पुरिंगकाकूंनी खिडकीतून टोमणा मारलाच, "हाँगकाँगला जाऊन धर्म बुडवून आलीस वाटतं."

"तिथं मालकाच्या पोरांना उन्हाळाभर पोहायला नेते मी, काकू. शुक्रवार असला तरी."

किनाऱ्यावर चिटपाखरू नव्हतं. पहिली लाट आली तशी मायुमी किंचाळली आणि लुझच्या गळ्याला घट्ट बिलगली.

"आई, सोडू नको."

लुझ आणखी आत गेली. मागून पाण्याचा आवाज आला. झगा गुडघ्यांवर धरून, शिव्या देत, तिची आई समुद्रात उतरत होती.

"बुडायचंच असेल तर तिघी बुडू."

तीनच दिवसांपूर्वी, मंगळवारी लुझ हाँगकाँगहून आली तेव्हा, विमानतळावर मायुमीनं तिला ओळखलं नव्हतं.