पाचवरचा टिपका

"काचेचा नोको. बटनाचा दाखव," दुकानात पाय ठेवल्या ठेवल्या भीमराजनं सांगून टाकलं.

बाभुळगावातलं मोबाइलचं दुकान. काउंटरमागे मालक पियूष, पुढे भीमराज आणि त्याची लेक दीपमाला. ती लोहाऱ्याला एका कंपनीत पॅकिंगला होती. आज सुटी टाकून बापाला घेऊन आली होती. फोन कसा हवा ते तिनं मनाशी ठरवूनच ठेवलं होतं. पाण्यानं मरू नये, ढेकळावर आपटला तरी फुटू नये, आणि फवारणीच्या पंपाच्या घरघरीतही ऐकू यावा.

त्या साली कपाशी माणसाच्या डोक्यावर गेली होती. फवारलेलं औषध पिकावर कमी आणि फवारणाऱ्याच्या तोंडावर, डोळ्यांत जास्त येई. पोळ्यापासून गावोगावचे मजूर चक्कर येऊन पडत होते. आठ दिवसांमागे भीमराजही सदाशिवरावांच्या वावरात पडला. दुपारभर कपाशीच्या दोन ओळींत पडून राहिला, आणि खिशात फोन असून कुणाला कळवलं नाही. विचारलं तर म्हणाला, फोन भिजून बंद पडला होता.

दीपमालानं तो फोन काउंटरवर ठेवला. आधी तिचाच होता तो, काचेचा, दोन वर्षं वापरून बापाला दिलेला. "याच्यातलं सिम नव्या फोनात टाकून द्या, दादा. हा खराब झाला."

पियूषनं कडेचं बटन दाबलं, स्क्रीन लगेच उजळली. त्यानं आपल्या फोनवरून लावून पाहिलं तर खणखणीत वाजला. मग मागचं झाकण काढून आत डोकावला. "ताई, याले काईच नाई झालं. पाण्याचा थेंब नाई गेला आत."

"तवा बंद होता," भीमराज म्हणाला. "आता वाळला असन."

दीपमालाला ते पटलं. घरातला रेडिओ आणि टॉर्च दोन्ही वर्षानुवर्षं असेच वाळून वाळून चालत आले होते.

पियूषनं बटनांचे तीन फोन खोक्यांतून काढून पुढे मांडले आणि टॉर्च, रेडिओ, दोन सिम असं पाठ केल्यासारखं म्हणायला लागला. भीमराजनं त्याला म्हणू दिलं. एकेक फोन हातात घ्यायचा, तोंड दाराकडे करायचं आणि बटनांवरून अंगठा फिरवायचा, असं त्याचं चाललं होतं. पहिले दोन त्यानं परत सरकवले. तिसऱ्यावर अंगठा थांबला.

"हा बरा हाये. पाचवर टिपका हाये याच्या. ओल्या हातालेई समजते."

दीपमालाला हसू आलं. बाप बाजारात वांगं घेतानाही चारदा चाचपून घ्यायचा. फोनलाही त्यानं सोडलं नाही.

"आकडे दिसतात का पण, बाबा?"

"दिसतात ना. मोठाले हायेत."

"किती वाजले दाखवते?"

भीमराजनं फोन डोळ्यांसमोर धरला. मग उंबऱ्यावर आलेल्या उन्हाच्या पट्ट्याकडे तोंड वळवलं आणि पुन्हा फोनकडे. "साडेअकरा."

भिंतीवरच्या घड्याळात साडेअकराला दोन मिनिटं कमी होती. तिला बरं वाटलं. पैसे काढायला ती काउंटरवर वाकली, तर त्या फोनची बॅटरी खोक्याशेजारी, प्लास्टिकच्या पिशवीत, अजून न फोडलेली पडली होती.

पियूषच्याही ते ध्यानात आलं. तो बोलायला गेला, तिनं मान हलवून त्याला थांबवलं. जन्मभर उन्हावरून वेळ सांगणारा माणूस, तो वेळ चुकणार कसा? जुना फोन त्या दिवशीही चांगलाच असणार. काचेवर बोट कुठं ठेवायचं, तेच बापाला दिसलं नसेल.

"बरोबर हाये, बाबा," ती म्हणाली. मग पियूषला सांगितलं, "पाच दाबला की मले लागला पायजे, असा करून द्या."

त्यानं बॅटरी घातली, सिम घातलं आणि फोन भीमराजच्या हातात दिला.

बाहेर पडताना भीमराजनं उंबरा पायानं चाचपला. आता तिला तेही दिसलं. "चाल लवकर," तो म्हणाला. "उद्या सदाशिवरावचं तीन एकर फवाराचं हाये. पंप धून ठेवा लागते."

तिनं त्याचा हात धरला आणि गावच्या गाडीकडे न जाता यवतमाळच्या ऑटोकडे वळली.

"इकडं कायले?"

"यवतमाळले जाऊ. दवाखान्यात."

भीमराज जागच्या जागी उभा राहिला. "देवराव गेलता यवतमाळले."

देवराव त्याचा फवारणीतला जोडीदार. पंधरा दिवसांमागे तो दवाखान्यात गेला आणि घरी आला तो चौघांच्या खांद्यावर. दीपमालानं हात सोडला नाही.

ऑटोवाला सवारी भरायची वाट पाहत होता. दोघं ऑटोच्या आडोशाला उभी राहिली. भीमराजनं खिशातून नवा फोन काढला, अंगठ्यानं टिपका शोधला आणि दाबून धरला. दीपमालाच्या पर्समधला फोन वाजला. तिनं बापाकडे पाहिलं. तो रस्त्याकडे तोंड करून, फोन कानाला लावून उभा होता. तिनं फोन उचलला.

"बोला, बाबा."

त्याचा श्वास ऐकू आला, एका कानात फोनमधून आणि दुसऱ्या कानात शेजारून.

"दीपे," तो म्हणाला, "मी वावरात पडलो वं. मले काई दिसून नाई राह्यलं. तू ये."