तीन शब्दांचा दुभाषा

"इंग्रजांच्या राज्यात ज्याचं इंग्रजी बिनचूक, त्याचं कोणी वाकडं करू शकत नाही," रामधन मास्तर गंभीरपणे म्हणाले आणि त्यांनी तपकिरीची चिमूट नाकात कोंबली.

मास्तर स्वतः सध्या घरीच बसून होते. तपासणीला आलेल्या साहेबाची इंग्रजीतली चूक त्यांनी भर वर्गात सुधारली होती, तेव्हापासून.

समोर लालसिंग बसला होता. मानोऱ्याजवळच्या तांड्याचा नायक हेमसिंग, त्याचा हा पुतण्या. दोन लेकरांचा बाप. वाशीमला राहून इंग्रजी शिकलेला तांड्यातला एकमेव माणूस.

तांड्याची गुरं टेकडीमागच्या जंगलात चरत. जंगल सरकारी होऊन बरीच वर्षं झाली होती. गुरांना ते कोणी कळवलं नव्हतं. दर हिवाळ्यात जंगलचा गोरा साहेब मानोऱ्याबाहेरच्या आमराईत तंबू ठोकी. हेमसिंग पागोटं बांधून जाई आणि चराईची परवानगी मागे. साहेबाला मराठी येत नसे, म्हणून मध्ये बाबूलाल दुभाषा. आधी बाबूलालला तुपाचा डबा पोचवायचा, मग बोलायचं, अशी रीत पडली होती. साहेब ऐकून घेई, 'गुड' म्हणे आणि पुन्हा कागदात डोकं घाली. परवानगी काही येत नसे.

"मी आज्यापासूनची हकीकत सांगतो," पुतण्याशेजारी बसलेला हेमसिंग कळवळून म्हणाला. "आमच्या तांड्यातल्या लखमाची गाय वाघानं नेली थे सांगतो. अन् हा बाबूलाल तीन शब्दांत आटपते! बोटावर मोजले मी. तूप सालभराचं खाते, अन् शब्द तीन!"

"त्याले इंग्रजी येतच नसन," मास्तर म्हणाले. "यंदा लालसिंग बोलन. तूप घरीच ठेवा."

हे ऐकून लालसिंगची बायको रुपाबाई नवऱ्याला म्हणाली, "डबा भरून ठेवला हाये, देऊन टाका न. गुरं तं चरूनच राह्यली."

"चोरासारखं काहून चारायचं? हक्कानं चारू."

शिकवणी सुरू झाली.

"कॅटल म्हणजे गुरं. लूस म्हणजे मोकळं, लूझ म्हणजे गमावणं. गुरं कशी हायेत?"

"लूस."

"अन् जंगल गेलं तं?"

"लूझ."

"शाब्बास. आता प्रे म्हणजे विनवणी. अन् दुसरं प्रे म्हणजे शिकार, सावज."

"दोन्ही सारखेच ऐकू येतात न, मास्तर?"

"येऊ दे. बोलताना मनात बरोबरचं धरायचं. साहेबाले समजते."

लालसिंग म्हशीखाली बसून घोकू लागला. क्वायट म्हणजे शांत, क्वाइट म्हणजे अगदी. म्हशीनं लाथ मारून भांडं उलटवलं.

"तिले तुमच्यापेक्षा जास्त समजून राह्यलं," रुपाबाई म्हणाली.

ठरल्या दिवशी तिघं आमराईत पोचले. मास्तर तंबूजवळच्या आंब्याखाली थांबले. तंबूच्या दोराजवळ बाबूलाल उभा होता. त्यानं हेमसिंगचे रिकामे हात पाहिले.

"डबा?"

"यंदा नाई. आमचा माणूस बोलन. इंग्रजीत."

बाबूलालचा चेहरा उतरला. "नायक, ऐक माह्यं. मीच बोलतो. डबा राहू दे."

"आता फुकटात बोलून राह्यला!" हेमसिंग मोठ्यानं हसला.

"दरसालसारखं बोलतो न भाऊ. अंदर नको नेऊ त्याले." बाबूलालनं त्याची बाही धरली. हेमसिंगनं ती सोडवून घेतली.

तंबूत साहेबासमोर लालसिंग बोलला. गुरं किती, कोणत्या वाटेनं जंगलात शिरतात, कोणत्या नाल्यावर पाणी पितात, किती पिढ्यांपासून. गुरं लूस होती, जंगल लूझ होणार होतं, जनावरं क्वायट आणि माणसं क्वाइट गरीब होती. कुठंही अडखळला नाही. आंब्याखाली मास्तरांचे डोळे भरून आले.

साहेबानं लेखणी खाली ठेवली. इतक्या वर्षांत पहिल्यांदा. मग त्यानं नकाशा मागवला. लालसिंगनं त्यावर वाट दाखवली, नाला दाखवला. साहेबानं दोन-चार प्रश्न विचारले, त्यांचीही उत्तरं त्यानं नीट दिली.

"तुझं इंग्रजी उत्तम आहे," साहेब इंग्रजीत म्हणाला. मग टाळी वाजवून त्यानं जंगलाचे शिपाई बोलावले आणि त्यांना नकाशावरची तीच वाट दाखवली. शिपाई धावत निघाले.

"झालं न?" हेमसिंगनं विचारलं. "काय म्हणे साहेब?"

लालसिंग धावणाऱ्या शिपायांकडे बघत म्हणाला, "गुरं धरून आणा म्हणे. कोंडवाड्यात घाला. उद्यापासून वाटेवर पहारा."

"मंग सांग न त्याले! विनव!"

"आय प्रे यू, सर," लालसिंग म्हणाला. मनात दोघांपैकी कोणतं धरलं होतं, ते त्याचं त्यालाच कळेना. साहेबाचं डोकं पुन्हा कागदात गेलं होतं.

उन्हं कलताना गुरं आली. मानोऱ्याच्या रस्त्यावर धूळच धूळ. मागून रुपाबाई अनवाणी धावत होती, शिपायाला शिव्या देत होती, मध्येच हात जोडत होती. लखमाची वासरी कळपातून फुटून हेमसिंगजवळ आली आणि त्याच्या धोतराला नाक लावून उभी राहिली. शिपायानं तिला काठीनं परत वळवलं.

मास्तर म्हणाले, "इंग्रजीत एकही चूक नव्हती. मी सगळं ऐकलं."

हेमसिंग हळूहळू बाबूलालकडे वळला. तो अजून तंबूच्या दोराजवळच होता.

"बाबूलाल, इतके साल तू काय सांगे रे साहेबाले?"

बाबूलाल धुळीकडे बघत म्हणाला,

"नो कॅटल, सर."