शेवटच्या दोन पिशव्या

"एकाची मागणी रद्द करावी लागेल," मंजिरी म्हणाली. "कोण मागे घेतंय?"

समरजीतने नकारार्थी मान हलवली. गरिमाने त्याच्याकडे पाहिलंसुद्धा नाही.

फूलबागेजवळच्या त्या रक्तपेढीत ओ निगेटिव्हच्या दोनच पिशव्या उरल्या होत्या, आणि दोघांनाही दोन्ही हव्या होत्या. जयेंद्रगंजच्या समरजीतने एका खिडकीवर मागणी नोंदवली, बिर्लानगरच्या गरिमाने त्याच वेळी दुसऱ्या खिडकीवर. तेव्हापासून कॉम्प्युटर अडकला होता. म्हणूनच पेढीचा प्रोग्राम सांभाळणाऱ्या मंजिरीला बोलावलं होतं.

घोळ तिच्या लगेच लक्षात आला. समरजीतच्या मागणीने एक पिशवी धरून ठेवली होती आणि ती दुसरीसाठी थांबली होती. गरिमाच्या मागणीने नेमकी ती दुसरी धरली होती आणि तिला पहिली हवी होती. डेटाबेस एक मागणी बाहेर काढायचा, प्रोग्राम ती पुन्हा आत घ्यायचा, आणि पुन्हा तीच कोंडी.

"दीदी, इस आदमी को कुछ मत दीजिए," गरिमा म्हणाली. "पिशव्या माझ्याच हातात द्या."

समरजीत म्हणाला, आधी तो आलाय, आणि या बाईंसमोर तो माघार घेणार नाही.

उशीर झाला तर जीव जाईल, असं मंजिरीने दोघांना कडक शब्दांत सुनावलं. दोघंही जागचे हलले नाहीत.

शेवटी तिने प्रोग्राम बदलला. आता प्रत्येक मागणीने पिशव्या नंबराच्या क्रमानेच घ्यायच्या. मागून येणारी मागणी पहिल्याच पिशवीपाशी थांबणार, हातात काही न धरता. म्हणजे एकाला दोन्ही, दुसऱ्याला काहीच नाही. हे तिने स्पष्ट सांगितलं. तरी दोघांनी ठीक आहे म्हटलं.

समरजीतची मागणी आधी पोचली. दोन्ही पिशव्या त्याच्या नावावर लागल्या. तो गरिमाकडे बघून हसला.

मंजिरीला गरिमाकडे बघवेना. मुरार भागातल्या पेढीत विचारून बघते, असं म्हणत तिने फोन उचलला.

"राहू द्या," गरिमा म्हणाली आणि बाकावर जाऊन बसली.

तेवढ्यात शेजारच्या इस्पितळातली नर्स धावत दारात आली.

"सुधाताईंचं रक्त कुठं अडलंय? त्यांची मुलं इथंच आहेत ना?"

समरजीत वळला. बाकावरून गरिमाही उठली.