एका बाजूचे पाटे

खंडोजीराव चहा पिऊन परतले आणि गॅरेजच्या दारातूनच ओरडले, "अंबूताई, हे काय करून बसलात!"

अंबूताईंनी, म्हणजे गुंडू मेकॅनिकच्या आईने, वळूनसुद्धा पाहिलं नाही. त्या उदबत्ती ओवाळत होत्या. समोर तांबड्या कापडावर गुंडूचे पाने, हातोडे, पकडी, सगळं ओळीने मांडलेलं. प्रत्येकाला हळद-कुंकू, वर शेवंतीचं फूल. आयुधपूजा झाली होती. आणि एकदा पूजेला बसलेल्या हत्याराला उद्या, विजयादशमीला, पूजा उतरेपर्यंत हात लावायचा नाही, हे म्हैसूरच्या बन्नीमंटपातल्या त्या गल्लीत शेंबड्या पोरालाही ठाऊक.

मागे खंडोजीरावांचा जुना ट्रक तिरका उभा होता. डाव्या चाकावर धक्के झेलणारे नवे पोलादी पाटे बसले होते, काळेभोर, छान कमानदार. उजवीकडचं चाकच काढलेलं. तिथले जुने पाटे झिजून सपाट झालेले, ते धुळीत पडले होते आणि नवे भिंतीला टेकून होते. ट्रकची ती बाजू लाकडी ठोकळ्यांवर आणि जॅकवर. त्या जॅकलाही कुंकू!

"निदान जॅक तरी सोडायचा होतात!"

"का? तो आयुध नाही? सगळ्यांत जास्त राबतो तोच."

"अहो, पूजा चार वाजता ठरली होती ना? तोवर काम संपलं असतं!"

"चारला राहुकाळ. राहुकाळात कोण पूजा मांडतं? गुंडूला काय कळतंय?"

आता सांगा, ह्या माणसाने कपाळ कुठे बडवून घ्यावं?

कारण संध्याकाळच्या आत त्यांना सोसल्याला पोचायचं होतं. बायको, नर्मदाबाई, तिथे भावाकडे जाऊन बसली होती. एच. डी. कोट्याच्या संतेत, आठवडी बाजारात, चादरी-सतरंज्या विकायला दोघं ह्याच ट्रकमधून जायची. पाटे झिजले, तशी प्रत्येक खड्ड्याला बाईंची कंबर निघू लागली. त्या म्हणायच्या, पाटे बदला. हे म्हणायचे, बघू. पावसाळा होऊ दे, उगादी होऊ दे, बघू. शेवटी एकदा संतेवरून येताना नर्मदाबाई वाटेतच उतरल्या. "पाटे बदलले की न्यायला या. तोवर मी ह्या गाडीत पाय ठेवायची नाही." आयुधपूजेला ट्रकची पूजा दरवर्षी त्यांच्याच हातची. ती ह्या वर्षी चुकली, तर बाई परत यायचं काही खरं नाही, अशी धास्तीच खंडोजीरावांनी घेतली होती.

गुंडू बाजारातून नवे बोल्ट घेऊन आला आणि दारातच थबकला. "अय्यो, अम्मा!"

"अम्मा अम्मा काय करतोस? शेजारच्या गॅरेजातून पाना आण!"

"त्यांचीही पूजा झाली की, खंडोजीराव. आज साऱ्या म्हैसुरात एक पाना मोकळा मिळायचा नाही. नाळे, उद्या बघू. सकाळी पूजा उतरली की पहिलं काम तुमचंच."

"मग आत्ता काय, दाताने आवळू बोल्ट?"

अंबूताईंनी त्यांच्या हातावर चुरमुऱ्यांचा प्रसाद ठेवला. "खा. डोकं तापलंय तुमचं."

रागाने चुरमुरे खाणारा माणूस पाहिलाय कधी? खंडोजीराव खात होते. खाता खाताच त्यांनी फोन लावला.

"अगं, आज यायला जमत नाही... पाटे? बदललेत की. म्हणजे... एका बाजूचे."

"एका बाजूचे," पलीकडून नर्मदाबाई म्हणाल्या आणि फोन ठेवला.

मग खंडोजीरावांनी गुंडूला शिव्या घातल्या, राहुकाळाला घातल्या, रस्त्यातल्या खड्ड्यांना घातल्या. अंबूताईंना मनातल्या मनात घातल्या. स्वतःला तेवढं सोडलं.

ऊन उतरलं तशी गल्लीत रिक्षा थांबली. नर्मदाबाई उतरल्या, हातात पिशवी. सोसल्याहून बसने आल्या होत्या. खंडोजीराव धडपडत उठले. बाईंनी त्यांच्याकडे बघितलंही नाही. त्या ट्रकभोवती फिरल्या, डावीकडचे नवे पाटे हाताने चाचपले, मग उजवीकडे येऊन थांबल्या.

"ह्या अंबूताई बघ ना," खंडोजीराव म्हणाले, "भलत्या वेळी पाने पूजेला मांडून..."

"आज मांडले. आणि मागची दोन वर्षं? तेव्हाही पाने पूजेलाच बसले होते?"

अंबूताईंनी हसू दाबायला पदर तोंडाला लावला.

नर्मदाबाईंनी पिशवीतून हार काढून ट्रकला घातला. काचेवर कुंकवाची बोटं ओढली. जागेवर असलेल्या तिन्ही चाकांखाली एकेक लिंबू ठेवलं. चौथं हातातच राहिलं. मग त्यांनी केबिनचं दार उघडलं आणि दांडीला धरून वर चढायला लागल्या.

"नर्मदाक्का, गाडी जॅकवर आहे!" गुंडू ओरडला.

"ठोकळे आहेत ना खाली? मग?"

त्या आपल्या नेहमीच्या जागेवर जाऊन बसल्या. पाठ टेकली. डोळे मिटले.

खंडोजीराव खिडकीशी आले. "अगं, तू तर म्हणाली होतीस, पाय ठेवणार नाही म्हणून."

"गप्प बसा हो. ह्या गाडीत आज पहिल्यांदा मला धक्का बसत नाहीये."

खंडोजीराव वळसा घालून पलीकडे गेले आणि स्टिअरिंगपाशी चढून बसले. एरवी धाडकन आपटायचे ते दार त्यांनी आज हळूच ओढून घेतलं.

नर्मदाबाईंनी डोळे न उघडताच चौथं लिंबू त्यांच्या हातात ठेवलं.

"हे उद्या," त्या म्हणाल्या. "दोन्ही बाजू सारख्या झाल्या की."