बिनतेलाचे वडे

"तुम्ही लोक माणसाला जगवत नाही, नुसतं मरू देत नाही!" मधुकरने डॉक्टरांच्या टेबलावर बोट आपटलं. "मीठ बंद, तेल बंद, वडे बंद. आठ महिने दुधीचं पाणी पितोय मी. कशासाठी, तेवढं सांगा."

एरवी डॉक्टर खवळायचे. मागच्या खेपेला मधुकरने चोरून दोन डाळवडे खाल्ले म्हणून त्यांनी त्याला शाळेतल्या पोरासारखं झापलं होतं. आज त्यांनी फाइल मिटली आणि म्हणाले, "काका, जरा बाहेर बसा. काकूंना डाएट समजावून सांगतो."

डाएट समजावायला वीस मिनिटं लागली. मधुकर बाकड्यावर धुमसत बसला. हृदय त्याचं, पथ्य त्याचं, आणि समजवायचं बायकोला!

कुंदा पर्समध्ये काहीतरी शोधत बाहेर आली. "अहो, चहा घ्यायचा का?"

"चहा राहू दे. काय म्हणाला तो?"

"ऑपरेशन करायचं नाही म्हणाले."

"बघ! ह्यांना नुसती कापाकापी हवी असते. बोललो ना, तेव्हा आला ताळ्यावर. आणि वडे?"

"वडे चालतील," कुंदा म्हणाली. "एअर फ्रायरमधले. बिनतेलाचे."

पवईच्या ऑफिसात असलेल्या श्रेयसने, त्यांच्या मुलाने, दोन दिवसांत मशीन घरी पाठवलं. काळं, गुळगुळीत, ओट्यावर मिक्सरशेजारी जाऊन बसलं. मधुकर कौतुकाने बघायला गेला तर कुंदाने त्याला बाहेर काढलं. "वडे करताना दार उघडायचं नाही. वारा लागला की नरम पडतात."

मधुकरला स्वयंपाकघरातलं पाणी कुठल्या माठात असतं एवढंच ठाऊक. त्याला पटलं.

आणि वडे काय झाले! भरड वाटलेली हरभरा डाळ, मिरची, कढीलिंब, वरून करकरीत, आत लुसलुशीत. आठ महिन्यांनी त्याच्या तोंडाला चव आली. सहा खाऊनही तो ताटलीतला चुरा बोटाने टिपत राहिला.

"तेलाचा वास येतोय गं."

"शेजारच्या चेतनाकडे तळण चाललंय."

"मरणार एक दिवस ती माणसं," मधुकर समाधानाने म्हणाला.

मग रोज चार वाजता वडे. कधी हरभऱ्याचे, कधी मुगाचे. मुलुंडच्या त्या सोसायटीत मधुकर एअर फ्रायरचा प्रचारक झाला. संध्याकाळी डब्यात दोन वडे घेऊन तो खाली बाकावर बसायचा, तिथे तळमजल्यावरचा अनंत भेटायचा. त्याच्याही छातीत दोन स्टेंट.

"अन्या, तुझी बायको अजून तळते? फुकट मरशील लेका!"

"प्रवचन पुरे. एक वडा दे इकडे."

अनंतने वडा खाल्ला. बोटांकडे बघितलं. मग खिशातून रुमाल काढून एकेक बोट पुसलं.

"काय? आहे ना झकास?"

"झकास आहे," अनंत म्हणाला आणि गेटकडे बघत बसला.

"मला कोणी फसवू शकत नाही," मधुकर सांगत होता. "तीस वर्षं जकात नाक्यावर काढली. हजारो खोकी उघडली. पण खोकं उघडायच्या आधी माणूस बघायचो. ट्रकवाला उतरल्या उतरल्या 'साहेब, चहा घेणार का' म्हणाला की समजायचं, आत माल लपवलाय. त्या डॉक्टरलाही असाच ओळखला मी. आता नवाच्या तीन गोळ्या केल्यात त्याने."

अनंतने रुमाल घडी करून खिशात ठेवला.

जिना चढताना मधुकरला आता तीनदा थांबावं लागायचं. तो दोष लिफ्ट बंद ठेवणाऱ्या सोसायटीचा. रात्री पाय सुजायचे. तो दोष दमट हवेचा. दिवाळीला येणारी मुलगी, मधुवंती, गणपतीतच नागपूरहून आली. महिन्याची रजा टाकून.

"तुला नोकरीबिकरी आहे की नाही गं?"

"बाबा, गपचूप वडे खा. थंड होतायत."

कुंदा मात्र पार थकली होती. डोळ्यांखाली काळं. मनगटावर बारीक बारीक भाजल्याचे डाग. "मशीन फार तापतं का?" त्याने एकदा विचारलं. ती "हं" म्हणाली आणि बाही खाली ओढली.

त्या दिवशी मधुवंती बाजारात गेली होती. वडे झाले, खाऊन झाले, आणि कुंदा रिकाम्या ताटलीशेजारी खुर्चीतच डोकं टेकून झोपली. तोंड उघडं. केसांत डाळीचं पीठ. मधुकर तिच्याकडे बघत राहिला. चाळीस वर्षांत या बाईचा एक कप विसळला नाही आपण. निदान ते मशीन तरी धुऊन ठेवू.

भिंतीला धरून तो स्वयंपाकघरात गेला. मशीन थंडगार होतं. जाळीचा डबा ओढला, तो जड गेला. जोर लावल्यावर सटकन बाहेर आला.

आत पुठ्ठा होता. मशीनच्या मापाचा, कंपनीने घातलेला. त्यावर प्लॅस्टिकच्या पिशवीत माहितीपुस्तक, कोरं वॉरंटी कार्ड. मागे वायरचं वेटोळं तारेने बांधलेलं, आणि प्लगवर प्लॅस्टिकची टोपी तशीच.

त्याने शेगडीकडे बघितलं. कढईवर झाकण होतं. हात लावला. अजून गरम होती.

संताप डोक्यात गेला. मला मारायला निघालीस काय गं, असं ओरडायला त्याने तोंडही उघडलं.

मागे पावलं वाजली. कुंदा दारात उभी होती. तिने पुठ्ठा बघितला, कढई बघितली, त्याच्याकडे बघितलं.

"अहो," ती म्हणाली, "चहा टाकू का?"

मधुकरने डबा हळूच आत सरकवला.

"कुंदा, किती दिवस म्हणाले डॉक्टर?"