दोन वेळा

स्वातीने कागद टेबलावर सरकवला आणि सहीची जागा बोटाने दाखवली. “मॅडम, इथे. आईंच्या रोजच्या नोंदी तुम्ही भरल्यात आणि त्या खऱ्या आहेत, एवढंच.”

क्षितिजाने पेनचं टोपण काढलं. आईला, म्हणजे गिरिजाबाईंना, जाऊन सतरा दिवस झाले होते. तिच्या मोबाइलवरचं हॉस्पिटलचं ॲप मात्र कालपर्यंत संध्याकाळी आठ वाजता विचारत होतं, ‘आज कसं वाटतंय?’

“सॉरी हां, ते बंद करायला मी सांगितलंय,” स्वाती म्हणाली. मोठ्या आतड्याच्या सुजेवरच्या एका नव्या गोळीची चाचणी मुंबईत ज्या हॉस्पिटलात चालू होती, तिथून ती आली होती. उरलेल्या गोळ्यांची बाटली तिने आधीच पिशवीत घालून सील केली होती. बाटली देव्हाऱ्यात, उदबत्तीच्या पुड्याशेजारी असायची.

गिरिजाबाईंचं घर राई गावात. तिथला संडास अंगणाच्या टोकाला, आणि या आजारात तेवढं अंगणही लांब पडतं. म्हणून त्या लेकीच्या सिल्व्हर पार्कमधल्या फ्लॅटवर राहायला आल्या. वन बीएचके. संडासाचं दार हॉलमध्येच उघडायचं आणि दाराला लागून परागचं टेबल होतं. क्षितिजाच्या नवऱ्याला कंपनीने घरूनच काम दिलं होतं. सकाळी नऊला तो मोठे काळे हेडफोन चढवून बसायचा, ते दिवे लागेपर्यंत.

“सासू घरात आहे आणि हा कान बंद करून बसतो,” असं म्हणून क्षितिजा एकदा भांडलीही होती. गिरिजाबाईंनीच तिला गप्प केलं होतं. “ऱ्हाऊ दे गं. जावईबापूंना काय ऐकू जात न्हाय, तेच बरं हाय.”

क्षितिजा बँकेतून आठच्या सुमारास यायची. खांद्यावरची पर्स काढायच्या आधी मोबाइल उघडायची. दोन प्रश्न असायचे.

“आई, किती वेळा?”

“दोन.”

“रक्त?”

“न्हाय. हळू बोल की.”

आकडा दाबला की पडद्यावर एक हिरवा चेहरा हसायचा. सलग दोन दिवस आकडा सहाच्या वर गेला, तर हॉस्पिटलला लगेच फोन करायचा, असा नियम होता. फोन करावा लागला नाही. आई बारीक दिसत होती, पण श्रावण होता, उपवास होते. पाच आठवडे हिरवा चेहरा हसत राहिला. सहाव्या आठवड्यात, पुढच्या तपासणीला चार दिवस असताना, आतडं फाटलं.

“कागदावर पेशंट बरी होत होती आणि अचानक हे झालं,” स्वाती म्हणाली. “म्हणजे संशय गोळीवर. एकवीस जणांची गोळी थांबवलीय. त्यातले मुर्धा गावचे एक काका रोज फोन करतात. म्हणतात, ‘दोन वर्षांनी पहिल्यांदा बसने गेलो होतो, माझी का बंद केली?’ आता तुमची सही झाली, की कमिटी ही चाचणी बहुतेक कायमचीच बंद करेल.”

“करू दे,” क्षितिजा म्हणाली. “गोळीनेच मारलं तिला.” हे वाक्य तिला सतरा दिवस उपयोगी पडलं होतं.

तिने पेन टेकवलं.

“सही करू नकोस,” पराग आपल्या टेबलावरून म्हणाला. हेडफोन त्याच्या गळ्यात होते.

“का?”

“दोन नव्हता आकडा. नऊ असायचा. शेवटी शेवटी अकरा, बारा.”

स्वातीने वही उघडली. “सर, रक्त?”

“असणार. प्रत्येक वेळी तीन-तीन बादल्या ओतायच्या.”

“तुला काय माहीत?” क्षितिजाने विचारलं. “तू दिवसभर कान बंद करून बसायचास.”

“त्यात काही लावलेलं नसायचं. मीटिंग नसली की नुसतेच घालायचो. त्यांना मोकळं वाटावं म्हणून.”

खाली कोणीतरी गाडी मागे घेत होतं, तिची शिट्टी बराच वेळ वाजत राहिली.

“सर, कोणाला तरी सांगायचं ना,” स्वाती म्हणाली.

“रोज वाटायचं, आज त्या स्वतःच सांगतील.”

स्वातीने पहिला कागद मागे घेतला आणि दुसरा काढला. त्यावर चूक काय झाली ते एका ओळीत लिहायचं होतं आणि का झाली ते चार ओळींत. क्षितिजाने पहिली ओळ लिहिली. ‘रोजचा आकडा चुकीचा भरला गेला.’ अक्षर बँकेतल्यासारखंच नीट आलं. मग ती थांबली.

“कारण काय लिहू?” ती परागला म्हणाली. “जावयासमोर लाजली, असं? तुला कळू नये म्हणून ती मला खोटं सांगत राहिली, असं लिहू?”

“मला कळतं, हे त्यांना माहीत होतं,” पराग म्हणाला. “दोन म्हणताना त्या रोज माझ्याकडे बघायच्या. मी मान खाली घालायचो.”

“रोज? मग मला कसं नाही दिसलं?”

पराग हेडफोनची वायर गुंडाळत राहिला.

“तू मोबाइलमध्ये बघत असायचीस.”